दुसरीचा वर्ग, कांदिन्स्कींची वर्तुळं आणि बेंद्रे यांचे ठिपके : इंदूरच्या एका शाळेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या पश्चिम भागातली एक मध्यम आकाराची शाळा. माध्यम इंग्रजी, मधल्या सुट्टीची भाषा हिंदी, आणि दर वर्गात घरी मराठी बोलणारी पाच-सात मुलं. पहिली ते पाचवीपर्यंत मिळून चित्रकलेच्या एकच शिक्षिका. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास, तोही ४० मिनिटांचा. हे प्रकरण दुसरीच्या एका तुकडीचं आहे : ३६ मुलं, वय सात ते आठ. शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत.

जानेवारीअखेर भरणाऱ्या वार्षिक प्रदर्शनाचा विषय होता ‘जगप्रसिद्ध चित्रकार’. प्रत्येक इयत्तेला एकेक नाव वाटून दिलं होतं आणि दुसरीच्या वाट्याला वासिली कांदिन्स्की (१८६६–१९४४) आले होते. शाळेत कांदिन्स्की म्हटलं की बहुतेक वेळा एकच चित्र पुढे येतं : बारा चौकोन आणि प्रत्येकात एकात एक वर्तुळं. मूळ काम १९१३ सालचं, म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात असलेलं. जलरंग, गुआश (अपारदर्शक जलरंग) आणि खडू वापरून कागदावर केलेला हा रंगांचा अभ्यास आहे. आकार जेमतेम २४ बाय ३२ सेंटिमीटर, म्हणजे ए४ कागदाहून थोडासाच मोठा. कोणता रंग कोणाशेजारी बसला की कसा दिसतो, हे कांदिन्स्की त्यात तपासून पाहत होते. पूर्ण चित्र म्हणून त्यांनी ते केलेलं नव्हतं. पुढे जे घडलं ते समजायला एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

अडचण

नोव्हेंबरमध्ये शिक्षिकेने वेळ वाचवण्यासाठी बारा चौकोन आणि प्रत्येकात चार वर्तुळं आखून एक मूळ प्रत तयार केली आणि तिच्या ३६ झेरॉक्स काढल्या. मुलांनी शाळेने दिलेल्या बारा रंगांच्या तेलखडूंनी त्या भरल्या. दोन तासांत काम संपलं. ज्यांचं अर्धवट राहिलं त्यांचे कागद मदतनीस ताईंनी पूर्ण केले. एका मुलीने कोपऱ्यातल्या वर्तुळाला आठ पाय काढून कोळी केला होता. तिला नवा कागद देऊन पुन्हा रंगवायला सांगितलं गेलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला हे कागद जुळवाजुळव करण्यासाठी वर्गात पसरले, तेव्हा मुख्याध्यापिका तिथे होत्या. मुलांना आपापला कागद उचलायला सांगितलं. जवळजवळ सगळ्यांनी कागद उलटून मागचं नाव वाचायला सुरुवात केली. पुढची बाजू पाहून आपलं काम ओळखणारी मुलं मोजकीच निघाली.

कागद असे सारखे का झाले, याचा शिक्षिकेने नंतर नीट माग काढला. कारणं साहित्यातच सापडली. पहिलं म्हणजे सगळ्यांच्या खडूंच्या पेट्या एकाच क्रमाने लावलेल्या होत्या. मुलं डावीकडून एकेक खडू उचलत गेली, त्यामुळे बाहेरून आत येणारा रंगांचा क्रमही बऱ्याच कागदांवर तोच आला. दुसरं, झेरॉक्सचा कागद ७५ जीएसएमचा, म्हणजे पातळ. त्यावर तेलखडूचा दुसरा थर चढत नाही, आधीचाच थर खरवडून निघतो. म्हणजे एकदा लावलेला रंग बदलायची सोयच नव्हती. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आहे. झेरॉक्सची काळी रेघ प्रत्येक रंगाच्या भोवती कुंपणासारखी उभी होती. तेलखडू त्या रेघेवर नीट बसतही नाही, घसरतो. लाल आणि हिरवा एकमेकांना भिडले तर काय होतं हे बघायचं, तर ते भिडायला हवेत. काळ्या रेघेने ते कधी भिडलेच नाहीत. कांदिन्स्की ज्या प्रश्नाचा शोध घेत होते, तोच प्रश्न या कागदाने छापतानाच बंद करून टाकला होता.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापिका, चित्रकलेच्या शिक्षिका आणि वर्गशिक्षिका अशा तिघी बसल्या. नाताळची सुट्टी वजा जाता हाताशी चार आठवडे होते, म्हणजे चित्रकलेचे चार तास.

आहे तेच काळ्या माउंटवर लावायचं, हा पहिला पर्याय. लांबून भिंत सुरेख दिसली असती आणि पालक खूश झाले असते. वर्गशिक्षिकेचा सुरुवातीला याकडे कल होता, आणि तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं : चार तासांत ३६ मुलांकडून नवं काम करून घ्यायचं आणि ते फसलं, तर भिंत रिकामी राहील.

दुसरा पर्याय चित्रकार बदलण्याचा : व्हॅन गॉगची १८८९ सालची तारांकित रात्र. पण तीसुद्धा आखून दिलेल्या कागदावरच करावी लागली असती, कारण या वयाची मुलं अवकाश तसा पाहत नाहीत. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांत सात ते नऊ वर्षांची मुलं कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ घालून तिच्यावर घरं, झाडं, माणसं ओळीने उभी करतात. एकामागे एक लपत जाणाऱ्या टेकड्या त्यांच्याकडून काढून घ्यायच्या म्हणजे मोठ्यांनीच हात धरायचा.

तिसरा पर्याय ‘मनाला येईल ते काढा’. ऐकायला हा सगळ्यात मोकळा वाटतो. प्रत्यक्षात ज्या मुलांनी आजवर फक्त आखलेल्या जागा भरल्या आहेत, त्यांना कोरा कागद दिला की दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, एक झोपडी आणि नदी एवढंच येतं. हेही नक्कल केलेलं चित्रच आहे, फक्त त्याचा मूळ चित्रकार कोण ते कोणाला माहीत नाही. त्यामुळे हा पर्याय लवकर बाजूला पडला.

चौथा पर्याय होता कांदिन्स्कीच ठेवायचे, पण त्यांच्या चित्राऐवजी त्यांचा प्रश्न मुलांपुढे ठेवायचा.

पाचवा वर्गशिक्षिकेने सुचवला : नारायण श्रीधर बेंद्रे. बेंद्रे १९१० साली इंदुरात जन्मले, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली इथेच शिकले, १९५० पासून बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागले आणि उत्तरायुष्यात त्यांनी रंगाच्या ठिपक्यांनी चित्रं रंगवली. मुलांच्या गावातला माणूस, आणि ठिपका हे मुलांच्या हाताला जमणारं साधन. चर्चेत इंदूरचेच चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी यांचंही नाव आलं. काटक्या, पानं, बिया यांतला दडलेला आकार ओळखून त्याला थोडाच हात लावायची त्यांची रीत लहान मुलांसाठी फार मोलाची आहे. पण शिक्षिकेने ठामपणे नको म्हटलं. वस्तू गोळा करायच्या, वाळवायच्या, ३६ मुलांचं सामान दोन-दोन आठवडे सांभाळायचं, हे एका कपाटात होणारं काम नव्हतं.

इथे एक कायदेशीर मुद्दा निघाला. प्रदर्शनातल्या चित्रांचं टेबलावर ठेवायचं कॅलेंडर छापून विकायचा शाळेचा बेत होता. भारतात चित्रावरचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कांदिन्स्कींचा हक्क केव्हाच संपला आहे. बेंद्रे १९९२ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०५२ अखेरपर्यंत आहे. वर्गात शिकवताना चित्र दाखवणं, त्यावरून सराव करणं याला कायद्याची आडकाठी नाही. त्याच चित्राची नक्कल छापून विकणं ही वेगळी गोष्ट. ठिपक्यांनी रंगवायची पद्धत मात्र कोणाच्या मालकीची नसते. त्यामुळे बेंद्रे यांची एखादी रचना समोर ठेवून काढायची नाही, हे तिथेच ठरलं. शिकवण्याच्या दृष्टीने जे योग्य होतं तेच कायद्याच्या दृष्टीनेही सोयीचं निघालं.

घेतलेले निर्णय

चौथा आणि पाचवा पर्याय जोडायचं ठरलं : आधी शेजारी-शेजारी बसणारे रंग, मग ठिपके. पण खरा निर्णय वेळापत्रकाचा होता, आणि आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय तोच.

ओल्या रंगाच्या कामात ४० मिनिटांपैकी दहा मांडामांडीत जातात आणि दहा आवराआवरीत. हातात उरतात वीस. असे चार तास म्हणजे प्रत्यक्ष रंगकाम ८० मिनिटं. वर्गाचा वाचनालयाचा तासही आठवड्यातून एकदाच होता. तो चित्रकलेच्या तासाला जोडून घेतला आणि वर्ग अठरा-अठराच्या दोन गटांत विभागला. एक गट सलग ८० मिनिटं चित्रकलेला, दुसरा तेवढाच वेळ वाचनालयात, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. चार आठवड्यांत प्रत्येक मुलाला चित्रकलेची १६० मिनिटं मिळाली, म्हणजे आधी मिळणार होती तेवढीच. वाचनालयाचाही एक मिनिट कमी झाला नाही. पण मांडामांड आणि आवराआवर चारऐवजी दोनदाच झाली आणि रंगकामाची ८० मिनिटं १२० झाली. किंमत वर्गशिक्षिकेने मोजली : तिचा आठवड्यातला एक मोकळा तास गेला. तो तिला दुसऱ्या दिवशी भरून द्यायला हवा होता. तसं झालं नाही.

दुसरा निर्णय चित्र कधी दाखवायचं याचा. मूळ चित्र आधी दाखवलं की मुलं ते डोळ्यांपुढे ठेवून काढतात. म्हणून दोन्ही वेळा मुलांचं काम निम्म्यावर आल्यावर चित्र दाखवायचं ठरलं.

तिसरा नियम मोठ्यांसाठी होता : मुलाच्या कागदावर मोठ्या माणसाचा हात लागणार नाही. दाखवायचं झालं तर स्वतःच्या वेगळ्या कागदावर दाखवायचं.

पहिलं सत्र : शेजारचे रंग

कागद १४० जीएसएमचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, १५ सेंटिमीटरचे चौकोन, प्रत्येकाला तीन. ५६ बाय ७६ सेंटिमीटरच्या पूर्ण शीटमधून असे पंधरा चौकोन निघतात. १०८ चौकोनांसाठी आठ शीट लागल्या. पोस्टर रंग फक्त लाल, पिवळा, निळा आणि पांढरा. काळा मुद्दाम दिला नाही, कारण तो हाताशी असला की मुलं आधी कड काढतात. दोन चमचे रंगाला एक चमचा पाणी. बासुंदीइतका दाट राहिला की ओघळत नाही आणि ब्रशही ओढत नाही. ब्रश आठ नंबरचा चपटा. पेन्सिल, पट्टी, खोडरबर टेबलावर नाही.

सुरुवात रंगाने झाली नाही. शिक्षिकेने एकाच पिवळ्या घोटीव कागदाची दोन सारखी वर्तुळं कापून एक गडद निळ्या आणि एक पांढऱ्या कागदावर ठेवलं. निळ्यावरचं मोठं दिसतं, असं मुलांनी लगेच सांगितलं. एका मुलाला तर खात्रीच होती की टीचरने ते मोठं कापलं आहे. त्यालाच पुढे बोलावून दोन्ही वर्तुळं एकमेकांवर ठेवायला लावली. कडा जुळल्या. त्याने ती पुन्हा आपापल्या जागी ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा जुळवून पाहिली. या दोन-तीन मिनिटांत कांदिन्स्कींचा प्रश्न वर्गाला कळला, त्यांचं नावही न घेता.

मग काम : कागदाच्या मध्ये रुपयाच्या नाण्याएवढा एक रंग, त्याला भिडून दुसऱ्या रंगाचं कडं, असं करत कोपऱ्यापर्यंत. कोपरे रिकामे ठेवायचे नाहीत, कारण पार्श्वभूमी हाही शेजारीच आहे.

पहिल्या गटात इथेच घोळ झाला. मुलं एक कागद संपवून मग दुसरा घेत होती. ओल्या लालवर ओला निळा, त्यावर ओला पिवळा, आणि पाहता पाहता सगळं तपकिरी. सात वर्षांच्या मुलाला ‘वाळेपर्यंत थांब’ म्हणणं व्यर्थ आहे. ते थांबत नाही आणि थांबवलं तर त्याचा रस जातो. दुसऱ्या गटाला शिक्षिकेने तिन्ही कागद एकदम मांडायला सांगितले : पहिल्यावर एक कडं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, आणि परत पहिल्याकडे. जानेवारीच्या कोरड्या हवेत पोस्टर रंगाचा पातळ थर आठ-दहा मिनिटांत वाळतो, आणि ही फेरी साधारण तेवढाच वेळ घेते. थांबायला न सांगता थांबणं घडलं. पावसाळ्यात हीच फेरी पुरणार नाही. तेव्हा चार किंवा पाच कागद द्यावे लागतील.

ब्रश धुण्याआधी वर्तमानपत्रावर पुसायचा, ही सवय पहिल्याच दिवशी लावली. त्याने पाणी निम्मं लागतं आणि रंगही मळत नाहीत.

काम निम्म्यावर आल्यावर कांदिन्स्कींचं चित्र पडद्यावर दाखवलं. ‘त्याचे पण गोल वाकडेच आहेत,’ एक मुलगी म्हणाली. दुसऱ्याने दाखवलं की काही ठिकाणी रंग एकमेकांत पसरले आहेत. झेरॉक्सच्या कागदावर ही दोन्ही निरीक्षणं शक्य नव्हती, कारण तिथे वर्तुळं गोल होती आणि रंग पसरायला जागा नव्हती.

दुसरं सत्र : ठिपके

विषय म्हणून टेबलावर पेरू, गाजरं आणि मटारच्या शेंगा ठेवल्या. जानेवारीत इंदूरच्या कुठल्याही मंडईत हे ढिगाने असतं, आणि तिन्हींत हिरवा, पिवळा, नारिंगी यांच्या इतक्या छटा असतात की खडूच्या पेटीतला एकच हिरवा पुरत नाही.

आधी पाहणं. विज्ञानाच्या खोलीतून सहा भिंगं आणली आणि वर्तमानपत्राच्या रंगीत पुरवणीवर धरायला दिली. छापील चित्र निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचं बनलेलं असतं. हिरवा म्हणून दिसणारा भाग खरं तर पिवळ्या आणि निळ्या ठिपक्यांची गर्दी असते. मुलं यात पंधरा मिनिटं रमली. ठरवलेल्या वेळेपेक्षा हे जास्त होतं, पण शिक्षिकेने तोडलं नाही आणि ते बरोबरच केलं.

ठिपक्यांचं साधन आणि कागदाचा आकार या दोन्हींत इथे पहिल्या गटाला पुन्हा फटका बसला. त्यांना कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि ए४ कार्डशीट दिली होती. वीस-तीस ठिपक्यांनंतर कापूस फुगतो, धागे सुटतात आणि ठिपक्याऐवजी डाग उमटतो. त्याहून मोठी चूक आकाराची. सात मिलिमीटरचा ठिपका लागून लागून दिला तर ए४ कागदावर तीस ओळी, प्रत्येक ओळीत बेचाळीस, म्हणजे १,२६० ठिपके बसतात. सेकंदाला एक धरला तरी न थांबता एकवीस मिनिटं. इतका वेळ कोणतंच मूल विचार करून ठिपका देत नाही. दहाव्या मिनिटाला टेबलावर बडवाबडव सुरू झाली, रंग उडू लागला, आणि वरून सगळं करडं होत गेलं.

दुसऱ्या गटासाठी तोच १५ सेंटिमीटरचा चौकोन घेतला. त्यावर २१ ओळींत २१, म्हणजे ४४१ ठिपके. साधन म्हणून खोडरबर लावलेल्या पेन्सिलीचं मागचं टोक. त्याचा ठिपका सहा-सात मिलिमीटरचा, स्वच्छ कडेचा येतो, तास संपेपर्यंत टिकतो आणि पुसून पुन्हा वापरता येतो. बारीक जागांसाठी जळून उरलेल्या उदबत्तीच्या काड्या. प्रत्येक टेबलावर बाटल्यांच्या झाकणांत सहा रंग, झाकणात दोन चमचे, आणि एका रंगाला एकच पेन्सिल. हा शेवटचा नियम छोटा वाटतो, पण त्याने दोन कामं केली : रंग एकमेकांत मिसळले नाहीत, आणि हवा तो रंग शेजाऱ्याकडून मागून घ्यावा लागल्याने प्रत्येक मूल दर दहा-बारा ठिपक्यांनी आपोआप थबकून चित्राकडे पाहू लागलं. दोन्ही गट मिळून प्रत्येक रंग शंभर मिलिलिटर पुरेल असा अंदाज होता. पिवळा त्याच्या दीडपट लागला.

काळ्या रेघेचा प्रश्न इथे परत आला. काही मुलांनी स्केचपेन मागितला : ‘कड नाही काढली तर पेरू आहे हे कळणार कसं?’ शिक्षिकेने नाही म्हटलं नाही. तिने एकच अट घातली : आधी चित्र भिंतीला टेकवायचं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहायचं, मग ठरवायचं. बरीच मुलं परत आली ती स्केचपेन न घेता. चार-पाच जणांनी तरीही कड काढली आणि ती तशीच राहू दिली. मनाई केली असती तर तोही एक आखून दिलेला कागदच झाला असता.

बेंद्रे यांच्या एका चित्राची छापील प्रत निम्म्यावर दाखवली, तेव्हा एक अडचण आली जी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. मघाचं भिंग अजून एका मुलाच्या हातात होतं. त्याने ते प्रतीवर धरलं आणि म्हणाला, ‘टीचर, इन्होंने इतने छोटे बिंदू कैसे बनाए?’ तो छपाईचे ठिपके पाहत होता. चित्रकाराच्या कुंचल्याचा ठिपका आणि छापखान्याचा ठिपका यांतला फरक तिथल्या तिथे समजावावा लागला, आणि तो सगळ्यांना समजला असेलच असं नाही.

एका मुलाने पूर्ण वेळात फक्त डावा खालचा कोपरा केला. साधारण साठ ठिपके, पिवळा-निळा, पिवळा-निळा, मध्येच एखादा पांढरा. मदतनीस ताईंनी सवयीने पेन्सिल उचलली होती. शिक्षिकेने त्यांना थांबवलं. हा नियम ताईंना आधी कोणी सांगितलाच नव्हता, त्यामुळे त्यांना सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं झालं. हे टाळता आलं असतं.

निष्पत्ती

पहिल्या सत्रातल्या तीन चौकोनांपैकी एक प्रत्येक मुलाने निवडला. सहा बाय सहा असे मांडून ९० सेंटिमीटरचा एक मोठा चौकोन झाला. कोणाशेजारी कोण, हे मुलांनी जमिनीवर कागद सरकवून ठरवलं. लालशेजारी लाल यावा की नाही यावरून चांगलीच जुंपली. पहिल्या गटातले तपकिरी चौकोनही त्यात होते, आणि भडक चौकोनांच्या मध्ये ते शोभून दिसले. त्या मुलांना वाटणारी खंत मात्र त्याने पूर्ण गेली नाही.

ठिपक्यांची ३६ चित्रं वेगळ्या भिंतीवर लागली. त्यातली काही अपुरी होती, बहुतेक पहिल्या गटातली, म्हणजे ए४ कागदाची. प्रत्येक चित्राखाली मुलाचंच एक वाक्य होतं, वर्गशिक्षिकेने त्याच्याच भाषेत, एक शब्दही न सुधारता उतरवलेलं. ‘मी आधी लाल दिला, मग पांढरा शेजारी दिला तर तो गुलाबी दिसला.’ या पट्ट्या पालकांनी चित्रांइतक्याच लक्ष देऊन वाचल्या.

सगळे खूश नव्हते. ‘मॅडम, आमच्या मुलाचं चित्र अर्धंच लावलंय. त्याला वेळ कमी पडला का?’ एका वडिलांनी विचारलं. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मागच्या वर्षीच्या नीटनेटक्या भिंतीचा फोटोही फिरला. शिक्षिकेने त्या वडिलांना चित्रासमोर नेऊन लांबून आणि जवळून पाहायला लावलं आणि साठ ठिपक्यांमागे मुलाने काय केलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं असं ते म्हणाले नाहीत.

कॅलेंडर निघालं. त्यात फक्त मुलांची स्वतःची चित्रं होती, फक्त पहिलं नाव देऊन आणि पालकांची लेखी परवानगी घेऊन. चित्र मुलाने काढलं की हक्कही त्याचाच असतो, हे शाळांच्या सहसा ध्यानात येत नाही.

परिणाम किती टिकला? आपलं चित्र लांबूनच बोट दाखवून ओळखणं सगळ्यांना जमलं. परिसर अभ्यासाच्या वहीत पान काढताना काही मुलांनी दोन-तीन हिरवे वापरले. फेब्रुवारीतल्या आंतरशालेय स्पर्धेत मात्र बऱ्याच जणांनी पुन्हा दोन डोंगर आणि सूर्यच काढला. चार आठवड्यांत याहून जास्त अपेक्षा ठेवणं मुलांवर अन्यायाचं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

दोन्ही सत्रांत पहिल्या गटावर प्रयोग झाला आणि फायदा दुसऱ्या गटाला मिळाला. सत्राआधी चार मुलांना मधल्या सुट्टीत बसवून वीस मिनिटं करून पाहिलं असतं, तर तपकिरी चिखल आणि फुगलेला कापूस दोन्ही आधीच कळले असते. मोठ्या माणसाने एकट्याने करून पाहणं पुरत नाही. मोठी माणसं वाळायची वाट पाहतात.

दोन चित्रकार एकत्र घेणं जास्त झालं. शेजारच्या रंगांचंच सत्र दोनदा झालं असतं, तर पहिल्या गटालाही दुसरी संधी मिळाली असती आणि ठिपक्यांसाठी पुढच्या वर्षी पूर्ण चार आठवडे हाती राहिले असते. शिक्षिकेचं मत याच्या उलट आहे : ठिपके नसते तर रंगांचा धडा हातातून डोळ्यांत उतरला नसता. आम्हाला हे पूर्णपणे पटत नाही, पण तिने मुलांना जवळून पाहिलं आहे.

कांदिन्स्कींचं काम पडद्यावर दोन मीटर रुंद दाखवलं, त्यामुळे ते भव्य चित्र आहे असा मुलांचा समज झाला. खऱ्या आकारात छापून हातात दिलं असतं, तर जवळजवळ ए४ एवढ्याच कागदावर एका मोठ्या चित्रकाराने रंग तपासून पाहिले, हे त्यांना सहज कळलं असतं. भिंगं आणि बेंद्रे यांची छापील प्रत एकाच सत्रात आणायला नको होती. किंवा आणायची तर छपाईचा ठिपका आधी दाखवून भिंगं गोळा करून घ्यायची.

मदतनीस ताईंशी आधी बोलायला हवं होतं. पालकांनाही दोन ओळींची सूचना प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी गेली असती, तर अपुऱ्या चित्राचा प्रश्न भिंतीसमोर उभं राहून सोडवावा लागला नसता.

शाळेने पुढच्या वर्षासाठी जोडतास आणि दोन गट कायम ठेवले आहेत, आता शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीपासून. चिंचाळकर गुरुजींच्या रीतीचं काम पहिलीला द्यायचं ठरलं आहे, पावसाळा संपल्यावर, आणि त्यासाठी काटक्या-पानं वाळवायला जिन्याखालची एक मांडणी रिकामी करून घेतली आहे. प्रत्येक इयत्तेला एकेका चित्रकाराचं नाव वाटून द्यायचं की नाही, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.